दातारांनी पाहिलेला कावळा

ही आणि मी शेवटचं काही एकत्र केलं असेल, तर ते म्हणजे दातारांना हसलो. गॅलरीत दोघांचा सकाळचा चहा. समोरच्या इमारतीच्या टाकीवर दातार बनियनवर उभे, गळ्यात दुर्बीण, आणि शेवग्यावरच्या भारद्वाजाला हात जोडून नमस्कार करतायत. ही म्हणाली, "अवो, पडंल ना तो मानूस!" आणि इतकी हसली की चहा बशीत सांडला. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

आता दातारांचं सांगतो. मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून पोट भरलं नाही, म्हणून सुकापुरात येऊन पाखरं मोजायला लागला. माघ सरत आला, काटेसावरीला लाल फुलं आली, की याच्या अंगात येतं. सोसायटीच्या गेटवर याचा फळा. "तांबट दोन. भोरड्या एकसष्ट. मुंगूस एक, पार्किंगमध्ये." एकसष्ट! साठ लिहिलं असतं तर भोरड्या काय कोर्टात गेल्या असत्या? वर्षाचा पहिला कोकीळ ओरडला की सकाळी सहाला दारादारांत बेल. "नोंद घ्या पाटील, नोंद घ्या!" कसली डोंबलाची नोंद? मी चौथी शिकलेला, तळोज्याच्या कारखान्यात हाडं झिजवलेला. कोकीळ ओरडतो, मग आंबा पिकतो. त्यात लिहायचं काय?

एकदा फळ्यावर तीन दिवस घुबड होतं. चौथ्या दिवशी हीच त्यांना म्हणाली, "दातारभाऊ, ते घुबड नाय. नव्या बिल्डिंगला नजर लागू नये म्हनून टांगलेलं मडकं हाय. डोले रंगवलेत त्याला." दुसरा कोणी असता तर गुपचूप पुसून मोकळा झाला असता. यानं लाल खडूनं लिहिलं, "दुरुस्ती. घुबड नव्हते, मडके होते. क्षमस्व." अख्खी सोसायटी आठवडाभर हसली. मी तोंडावर विचारलं, तर म्हणे, "डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, पाटील. नाहीतर फळा हवाच कशाला?" असा खत्रूड. बायको ना पोर, फळ्याशीच संसार.

हिच्या दहाव्याला नदीवरसुद्धा दुर्बीण घेऊन आला. लाज नाही.

पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, एक खाली उतरेल तर शपथ. पोरगी म्हणाली, "आई, बाबांना मी बघेन." मेव्हणा म्हणाला, "ताई, माझं काय चुकलं असंल तर पोटात घाल." कावळे ढिम्म. तास गेला. भटजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून टाकू."

हिचं काहीतरी मागं राहिलं होतं, आणि काय ते मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत "तुला काय हवं गं?" असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

"शेवटचं एकदा बघू. सगळे लांब जा, पाठ करा," भटजी म्हणाले. आम्ही गेलो. दातार तेवढे मागं रेंगाळले. थोड्या वेळानं त्यांची आरोळी आली, "शिवला! पाटील, शिवला! मी पाहिला! शीत घेऊन उडाला!"

पोरगी रडायला लागली. भटजी सामान आवरायला लागले. मी जवळ गेलो. पिंड एका बाजूनं फुटला होता. दातार जमिनीकडं बघत उभे होते, आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना भात लागला होता.

त्या दिवशी गेटवरचा फळा कोरा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला काय आवडायचं ते आठवायला बसलो. सुका जवळा, एवढंच आठवलं. मी जवळा भाजला, भात लावला. बाराव्याच्या आत घरात मासळी म्हणून पोरगी ओरडली. ओरडू दे. गॅलरीच्या कठड्यावर पान मांडलं आणि समोर तोंड करून हाक मारली,

"अहो दातार! दुर्बीण घेऊन या इकडं. आणि हात खिशात ठेवा."