शिळे फुगे

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला बाईसाहेबांकडे त्यांच्या विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, मुक्कामाला आल्या आणि आल्या आल्या तोंडानं फुगे फुगवत बसल्या. बाईसाहेबांनी ते सगळे सोफ्यामागे ढकलले आणि स्वतः आणलेले गॅसचे फुगे छताला सोडले.

"फुंकलेले फुगे जमिनीवरच लोळायचे," त्या म्हणाल्या. "आमचे बघायला मान वर करावी लागते."

फुगे हे निमित्त. खरी चुरस नातीची होती. पोर खुर्ची धरून उभी राहायची, पण हात सोडायची नाही. ती पहिलं पाऊल आपल्याकडेच टाकणार, याबद्दल दोघींचीही खात्री होती.

सकाळी बाईसाहेब दिवाणखान्यात आल्या आणि थबकल्या. त्यांचे फुगे सुरकुतून गुडघ्यापाशी उतरले होते. विहीणबाईंचे सोफ्यामागे टम्म.

"फुगेवाल्यानं गंडवलं. आज त्याचं दुकान डोक्यावर घेते."

"त्याची चूक नाही, आई," जावई म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा, गॅसच्या खोड्या त्याला पाठ. "खोली एक, ऊब एक, तरी हलके कण सुसाट पळतात आणि जड कण रमतगमत जातात. रबराला न दिसणारी भोकं असतात. तुमचा गॅस हलका, तो रात्रीतच निसटला. आमच्या आईची हवा जड, ती अजून दार शोधतेय."

"ऐकलंत?" विहीणबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. त्या अंगानं भरलेल्या, बाईसाहेब म्हणजे काडी. "जड तेच टिकतं."

बाईसाहेब उत्तर द्यायला वळल्या आणि पाहतात तो काय! नातीनं खुर्ची सोडली होती.

एक मरगळलेला फुगा तिच्या नाकासमोर तरंगत होता. तिनं हात घातला, तो सरकला. तिनं पाऊल टाकलं, तो आणखी सरकला. दोन्ही आज्या हात पसरून खाली बसल्या. "ये गं, इकडे ये." पोरगी दोघींच्या मधून, एकीकडेही ढुंकून न बघता, तुरुतुरु गेली आणि फुग्याला मिठी मारून धप्पकन बसली.

"छताला असता तर चालली असती का?" डोळे पुसत बाईसाहेब म्हणाल्या. "म्हणून तर मी आदल्या दिवशी आणले."

विहीणबाईंनी नाक मुरडलं, पण डोळे त्यांचेही ओलेच होते.

दुपारपर्यंत पोरीनं एकूण एक फुगा फोडला. मग दोघी विहिणी मिळून दुकानात गेल्या.

"या आजी, ताजे भरून देतो. छताला चिकटतील," फुगेवाला म्हणाला.

"ताजे ठेव तुझ्याकडे," बाईसाहेब म्हणाल्या. "कालचे शिळे असतील तर दे."

"आणि चांगले सुकलेले बघून दे," विहीणबाईंनी बजावलं.