योहानमामांची उघडी खिडकी

स्टुडिओ म्हणजे काय, हे सगळ्या जगाला कळतं, एका योहानमामांना सोडून. दौंडला रेल्वे यार्डाला लागून त्यांचं घर. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्यात, पंखा बंद, कोंबड्यासुद्धा शेजारी नेऊन सोडल्यात. का, तर आवाज नको! आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की हा माणूस उठून यार्डाकडची खिडकी सताड उघडतो.

"अवो मामा, मग गोधड्या कशाला?"

"त्या कोंबड्यांसाठी. तू ढोलकी वाजव."

मी न्हावऱ्याच्या भजनी मंडळातला. दर रविवारी मोटरसायकलला ढोलकी बांधून दौंड गाठतो. कीबोर्डवर चर्चमधल्या मार्थाबाई, गिटारवर मामा. एवढ्या फौजेवर त्यांना जॅझचा अल्बम काढायचाय! जॅझ म्हंजी काय, मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाणं धरायचं, मग सोडून वाट्टंल तिकडं भटकायचं. पण शेवटी घरी यायचं."

बाकीची गाणी झाली, शेवटचं काही संपंना. ऐन रंगात मामा हात वर करतात. सगळे गप्प. त्यांचा कान खिडकीकडं. मग मान हलवून, "पुन्हा." अरे काय पुन्हा! बोटं सुजली माझी.

"कुणाची वाट बघताय?"

"चौथा गडी यायचाय."

"टाइम काय त्याचा?"

"मालगाडीला कुठं टाइम असतो?"

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, मी मनात म्हटलं. चहा गाळताना मार्थाबाईंनी हळूच सांगितलं, "रूबेन, त्यांचा पोरगा. बापासंगं गिटार वाजवायचा. इंजिनावर नोकरी धरली, तवा हे म्हणाले, गिटार सोडणार असशील तर घरी येऊ नको. न्हाई आला. मालगाडी घेऊन जाताना हॉर्न तेवढा देतो. एक लांब, दोन आखूड."

परवा मी निक्षून सांगितलं, "मामा, हे शेवटचं. मग मी न्हाई येणार." वाजवलं. मामांचा हात वर. आम्ही गप्प.

आणि खिडकीतून आला. एक लांब, दोन आखूड.

मामांचं बोट त्याच सुरावर पडलं. तिथून त्यांनी गाणं असं काही फिरवत घरी आणलं, की शेवटची थाप पडली आणि मी ढोलकीवरच डोकं टेकलं.

"झालं ना एकदाचं?" मी खेकसलो. दुसरं काय करणार?

मामांनी आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. "रूबेनला लाव. म्हणावं, बापाचं चुकलं, घरी ये."

"आत्ता गेला ना तो! इंजिनावर फोन उचलंल का?"

"न्हाई उचलणार," मामा म्हणाले. "बापानंबी हॉर्न दिला, एवढं तर कळंल त्याला. तू लाव."