भूपालआण्णांची फेरी

भूपालआण्णा कुणाच्याही घरी गेले, की आधी पाणी मागत नसत, आधी चूल विचारत. "पावणं, सैपाकघर कुठल्या अंगाला हाय?" असं दारातून ओरडायचं आणि उत्तर यायच्या आत आत शिरून फळीवरचे डबे उघडायला लागायचं. पन्नास-एक्कावन्न सालच्या कोल्हापुरात परक्या पुरुषानं असं केल्यावर काय होत असेल, ते मी सांगायला नको. गंगावेशीत एका म्हातारीनं त्यांच्या पाठीत उलथनं घातलं होतं. आण्णांनी पाठ चोळत उरलेले दोन डबेही बघून घेतले आणि म्हणाले, "मारा मावशी, पर ह्ये लाडू शेजारी दिऊन या."

आमच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मी तिथंच कारकून. आण्णा मूळचे गडमुडशिंगीचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. आई कानडी मुलखातली, त्यामुळे कानडी आणि मराठी दोन्ही भाषा ते सारख्याच मोठ्यानं बोलत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. बाजारामागच्या एका खोलीत राहायचे आणि रविवार उजाडला, की सायकलला पिशवी अडकवून घरी गेलेल्या रोग्यांच्या फेरीला निघायचे. लांबचं गाव असेल तर सायकल सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकायची. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वारडात समदीच शहाणी असत्यात," ते म्हणायचे. "आजार घरात ऱ्हातो, सायेब. त्याला भेटाय नगं?"

मधुमेहाचे रोगी म्हणजे त्यांची खास जहागीर. पिशवीत स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली. रोग्याच्या ओट्यावर बसून, अख्ख्या गल्लीच्या साक्षीनं, त्याची लघवी त्या औषधात उकळायची. रंग निळाच राहिला तर पथ्य पाळलं. हिरवा झाला तर थोडी चोरी, पिवळा झाला तर मोठी, आणि विटकरी झाला तर आण्णा उभे राहून आरोळी ठोकत, "विटकरी! पार विटकरी!" मग शेजारीपाजारी हळहळत आणि रोगी तोंड लपवून घरात पळे.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे "परत म्हणा बगू." कुणाला काही सांगितलं, की ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. एक पाटील चिडून म्हणाले, "मी काय शाळंत हाय व्हय?" आण्णा शांतपणे म्हणाले, "शाळंत असता तर नापास झाला असता. म्हणा."

माझी पद्धत याहून फार सुटसुटीत होती. रोगी घरी निघाला, की त्याचं कार्ड माझ्या मेजावर यायचं. मी त्यावर वळणदार अक्षरात लिहायचो, 'साखर बंद. पाय स्वच्छ ठेवणे.' वाचून दाखवायचो, "समजलं?" विचारायचो. रोगी मान हलवायचा आणि मी 'सूचना समजावल्या' असा शिक्का मारायचो. आमच्याकडे दक्षिणेकडून येणारे निम्मे रोगी कानडी. ते तर इतरांपेक्षा जास्तच मान हलवत. मला वाटायचं, हा माझ्या अक्षराला दिलेला मान आहे.

एका संक्रांतीनंतरच्या रविवारी भूपालआण्णांची फेरी आमच्याच घरी आली. माझे मामा आमच्याकडे राहत आणि महिनाभरापूर्वीच दवाखान्यातून सुटून आले होते. घरात हळदीकुंकू चाललेलं. वीस-पंचवीस बायका बसलेल्या. आण्णा त्या सगळ्यांमधून "सरका वैनी, सरका" करत सैपाकघरात गेले, डबे तपासले, तिथं काही मिळालं नाही म्हणून मामांच्या खोलीत गेले आणि उशीखालून दत्ताच्या वाडीच्या पेढ्यांचा पुडा काढून बाहेर आले.

"प्रसाद आहे तो!" मामा ओरडले. "प्रसादाला पथ्य नसतं!"

"परसाद दत्ताचा, पर खवा-साखर हलवायाची," आण्णा म्हणाले आणि पुडा हळदीकुंकवाच्या बायकांत वाटून टाकला. मग ओट्यावर दिवा पेटला. पुढची आरोळी पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली माणसं मला "काय, मामांचा आज कुठला रंग?" असं विचारू लागली.

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं. मी रात्रीच्या जेवणाआधी तक्रारअर्ज लिहून मोकळा झालो. 'सदर इसम रुग्णांच्या स्वयंपाकघरात विनापरवाना प्रवेश करून सभ्य कुटुंबांची अप्रतिष्ठा करीत आहे.' खाली सही केली, 'एक त्रस्त नागरिक.' मोठ्या डॉक्टरांनी तो अर्ज वाचला आणि हुकूम लिहायलाही मलाच सांगितलं. मी जरा हात सैल सोडून लिहिलं. ड्रेसरने रुग्णांच्या घरी जाऊ नये, घरी निघालेल्या रुग्णांना सूचनाही देऊ नयेत, ते काम कारकुनाचे.

आण्णांनी भिंतीवरचा हुकूम वाचला. मग माझ्या मेजापाशी येऊन म्हणाले, "अक्षर झ्याक हाय सायेब. अर्जाचं बी झ्याक हुतं." एवढंच बोलून ते पट्ट्या बांधायला गेले.

त्याच आठवड्यात गंगव्वा घरी जायला निघाली. कुरुंदवाडच्या पलीकडल्या गावची, साठीची बाई, मराठीचा एक शब्द येत नव्हता. मधुमेहानं चिघळलेल्या पायाच्या जखमेसाठी दोन महिने वॉर्डात होती आणि आण्णा रोज तिची पट्टी बदलायचे. माझ्या मेजापुढे उभी राहून ती सारखी मागे वळून वॉर्डाच्या दाराकडे बघत होती. आण्णा दारात उभे होते, पण हुकूम म्हणजे हुकूम. मी कार्ड वाचलं. "साखर बंद. समजलं?" तिनं मान हलवली. शेजारी उभ्या तिच्या मुलानं, बसाप्पानंही हलवली. शिक्का मारला.

अडीच महिन्यांनी बसाप्पानं तिला बैलगाडीतून आणि मग मोटारीतून उचलून आणलं. पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

तिनं पथ्य मोडलं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. कार्डातला 'साखर' हा एवढा एकच शब्द, कानडी 'सक्करे'सारखा म्हणून, तिला कळला होता आणि तो तिनं काटेकोर पाळला. रेशनच्या साखरेचा एक दाणा तिनं घरात येऊ दिला नव्हता. ती गूळ खात होती. साखर म्हणजे दुकानातली, परक्याची, पाहुण्यासाठी आणायची. गूळ घरच्या उसाचा, तो कसा बाधेल? अशक्तपणा वाटला की ती दोन खडे जास्त खायची. आमच्या या गुळाच्या मुलखात ही गोष्ट शेंबड्या पोराला ठाऊक होती, भूपालआण्णांना तर होतीच. मला ती सुचली नाही, कारण मी कार्ड लिहीत होतो, माणूस बघत नव्हतो.

मोठे डॉक्टर वॉर्डात संतापून उभे होते. "हिला पथ्य कुणी समजावलं?"

कार्ड माझ्या हातात होतं. तोंड उघडायला मला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात आण्णा पुढं झाले. "म्या, सायेब. कानडीत सांगिटलं. गुळाचं सांगायचं ऱ्हायलं."

डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांदेखत जे बोलायचं ते बोलून घेतलं. आण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. मी पुढे होऊन "नाही" म्हणू शकलो असतो. मी कार्डाची घडी घातली. वॉर्डातल्या आयाबाईनं बाहेर बसाप्पाला कानडीत सगळं सांगितलं, आणि त्याच्या डोळ्यांत आण्णांसाठी जे आलं, ते मी खिडकीतून पाहिलं.

गंगव्वा घरी गेली. हुकूम अजून भिंतीवर होता, तरी आण्णा दर रविवारी तिच्या गावी जाऊ लागले. त्यांना आता कुणी काही म्हणेना. पण बसाप्पा त्यांना घरात घेत नाही, ते बाहेरच ओट्यावर बसतात आणि रंग बघून परत येतात, असं माझ्या कानावर आलं. महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी मी आण्णांना म्हणालो, "मी येतो. मला त्यांना खरं सांगायचंय."

"चला की," ते म्हणाले.

बसाप्पानं मला मेजावरचा साहेब म्हणून ओळखलं. घरात घेतलं, घोंगडं अंथरलं. आण्णा उंबऱ्याशी आले तसा तो कानडीत काहीतरी तोडून बोलला, आणि आण्णा ओट्यावर बसले. "बोला सायेब, मी हितनं सांगतो."

गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. लुगड्याखाली एक पाऊल दिसत होतं. मी तिच्याकडे बघून बोलायला लागलो. म्हणालो, चूक भूपालआण्णांची नाही, माझी आहे. गुळाचं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ते माझं काम होतं. अर्ज करून यांना बाजूला सारलं तेही मीच.

बाहेरून आण्णांनी कानडीत दोन वाक्यं सांगितली. गंगव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात जोडले, मग मला जवळ बोलावून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "तम्मा, तम्मा" असं काहीतरी पुटपुटली. बसाप्पानं भाकरी-पिठलं वाढलं. मी जेवलो. डोक्यावरचा डोंगर उतरला होता.

परतताना मोटारीच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "एवढं मी बोललो, तुम्ही दोन वाक्यांत कसं आटपलंत?"

"मी सांगिटलं, दवाखान्यातलं सायेब तुमची खुशाली इचाराय एवढ्या लांब आल्यात. तुमच्यासाठी त्यांचा जीव तुटतोय."

"आणि चुकीचं?"

"ते न्हाय सांगिटलं."

मी थांबलो. आण्णा सायकल ढकलत चालतच राहिले. "उद्या तिचा दुसरा पाय चिघळला, तर बसाप्पा तिला कुणाच्या मेजाम्होरं आननार? तुमच्याच की. तुमच्यावरनं मन उडालं तर न्हाय आनायचा त्यो. मग? माझं काय, मी वट्ट्यावर बी बसतो."

गाव अजून मागे दिसत होतं. बसाप्पाला बाजारापुरतीही मराठी येत नसली, तरी गावात एखादा दुभाषी मिळाला असता. मी मनाशी म्हणालो, मोटार चुकेल.

थोडं चालल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ती मला तम्मा म्हणत होती. तम्मा म्हणजे काय?"

सायकलची साखळी उतरली होती, ती आण्णांनी खाली बसून चढवली, हात धोतराला पुसले.

"धाकटा भाऊ," ते म्हणाले. "वारडात पट्टी बांधताना मला म्हनायची."

माझ्यामुळे त्या बाईचा पाय गेला होता, आणि आता या माणसाची बहीणही मी घेऊन चाललो होतो. हे मला त्या रस्त्यावर, तिथल्या तिथं कळलं होतं. तरीही मी मागे फिरलो नाही.