ताशी एकेचाळीस थांबे

माणूस जागेपणी काय करतो यावरून त्याची लायकी ठरवणं ही जुनी आणि सदोष पद्धत होती. जागेपणी माणूस सावध असतो, खोटं बोलतो, पोट आत ओढून धरतो. झोपेत त्याला यातलं काहीच जमत नाही. म्हणून मालवाहतुकीच्या एका प्रगत कंपनीने ठरवलं, की ट्रकचालक निवडताना त्याचं ड्रायव्हिंग पाहण्यात वेळ दवडायचा नाही; त्याची झोप पाहायची. (ड्रायव्हिंग पाहायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं, आणि तेवढी जोखीम घ्यायला कंपनीत कुणी तयार नव्हतं.)

हेतू उदात्त होता. काही माणसांचा श्वास झोपेत थांबतो. थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. माणसाला वाटतं आपण चांगले आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो रात्रभर झोपेशी झटापट करत असतो आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर डोकं टेकतो. हे रोखलंच पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी कंपनीने 'वजन, मान व निद्रा तपासणी कक्ष' उघडला, एक निद्राधिकारी नेमला आणि जाडा तो रोगी, बारीक तो निरोगी, एवढं शास्त्र सोपं करून भिंतीवर लावलं. निद्राधिकारी स्वतः चोपन्न किलोंचे होते. शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान भांड्यातल्या चमच्यासारखी हलायची. या विषयात त्यांचा अधिकार त्यामुळे वादातीत होता.

चौदाचाकी हा या कक्षाचा उमेदवार क्रमांक दोनशे बारा. चौदा चाकांचा ट्रक बावीस वर्षं चालवला म्हणून हे नाव पडलं, असं तो सांगायचा. (मित्रांचं म्हणणं असं, की नाव आधी पडलं, ट्रक नंतर मिळाला.) जुनी कंपनी बंद पडल्यापासून पाच महिने तो घरी होता. या पाच महिन्यांत त्याने घरातली सगळी कपाटं रिव्हर्समध्ये नीट लावली होती, बायकोला भाजी चिरताना 'डावीकडे घे, अजून घे, बस्स' असं मार्गदर्शन केलं होतं, आणि आता ही नोकरी मिळाली नाही तर आपलं काही खरं नाही, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

बायको सोबत आली होती, कारण नमुना नऊप्रमाणे 'शय्यासाक्षीदार' आणणं सक्तीचं होतं. म्हणजे उमेदवाराशेजारी किमान पाच वर्षं झोपलेली व्यक्ती.

"साहेब, मी सांगते ना," ती खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "यांचा श्वास थांबतो झोपेत. मी मोजते. कधी पंधरा आकडे, कधी वीस. मग कोपर मारते आणि म्हणते, अहो, कुशीवर व्हा. तेव्हा कुठे गाडी सुरू होते. बावीस वर्षं झाली, एक रात्र धड झोपले असेन तर शपथ! यांना नोकरी द्या, पण आधी उपाय करा. घरी मी आहे हो, रस्त्यावर कोण आहे कोपर मारायला?"

चौदाचाकीने कपाळावर हात मारला. घरभेदी म्हणतात ती हीच. पण निद्राधिकारी विचलित झाले नाहीत.

"बाई, साक्षीदाराने इथे फक्त सही करायची असते," ते म्हणाले. "साक्ष द्यायची नसते. घरगुती निरीक्षण ग्राह्य नाही."

प्रथम वजन. कक्षातला काटा तिसऱ्याच उमेदवाराने कायमचा बसवल्यामुळे ही तपासणी आवारातल्या ट्रकच्या वजनकाट्यावर होत असे. तो काटा एकट्या माणसाची दखल घेत नाही. म्हणून आधी रिकामा ट्रक तोलायचा, मग उमेदवाराला आत बसवून तोच ट्रक पुन्हा तोलायचा, आणि वजाबाकी करायची. काटा वीस-वीस किलोंनी सरकतो, त्यामुळे जगात ऐंशी, शंभर आणि एकशेवीस किलोंचीच माणसं असतात, असं कक्षाचं संशोधन होतं. मर्यादा शंभर. दोन वजनांच्या मध्ये अर्धा तास जाई, आणि हा अर्धा तास अनुभवी चालकांच्या हातात होता. एकाने घाईत अख्खी स्टेपनी उतरवली. त्याची नोंद 'वीस किलो, तीव्र कुपोषित' अशी होऊन त्याला बालआहार योजनेचा अर्ज देण्यात आला. चौदाचाकी शहाणा. त्याने ट्रकमधला फक्त जॅक आणि चाक खोलायची टामी काढून बायकोच्या पिशवीत टाकली. काटा शंभरवर थांबला. बायको मात्र त्यानंतर दिवसभर एका बाजूला कलून चालत होती.

नंतर मान. ती शिंप्याच्या टेपने मोजली, आणि चौदाचाकीने श्वास रोखून धरला म्हणून ती काठोकाठ पास झाली.

मग प्रश्नावली. बसून वाचताना डुलकी लागते का? दुपारी जेवल्यावर? कुणी बोलत असताना? सिग्नलला गाडी थांबलेली असताना? आजवरच्या दोनशे अकरा चालकांनी सर्व प्रश्नांना 'नाही' असं उत्तर दिलं होतं, यावरून ट्रकचालक हा मानवजातीतला सर्वांत जागृत घटक असल्याचं सिद्ध झालं. (चौघांना हे लिहिता लिहिता डुलकी लागली, पण प्रश्नावलीत 'लिहिताना' हा रकाना नव्हता.) चौदाचाकीने पहिल्या प्रश्नापुढे 'वाचत नाही' असं लिहिलं. त्याला पूर्ण गुण मिळाले.

शेवटी झोप. कक्षाची वेळ दहा ते पाच असल्याने उमेदवाराने झोपायचंही त्याच वेळेत. एक ते दीड जेवणाची सुट्टी. तेवढा वेळ झोप तहकूब. चौदाचाकीच्या नावाने यंत्र सुरू झालं, पडद्यावर दोनशे बारा हा आकडा उमटला, आणि पांढऱ्या चादरीवर तो पाठ टेकून पडला.

झोप येईना. येणार कशी? उशी मऊ, खोली गार, आवाज म्हणून नाही. ज्याने जन्मभर इंजिनाच्या घरघरीत, गुंडाळलेल्या ताडपत्रीवर डोकं ठेवून झोप काढली, त्याला ही शांतता म्हणजे ब्रेकडाऊनच वाटली. तो दोनदा उठून पलंगाखाली वाकून पाहून आला.

अकरा वाजले, बारा वाजले. न झोपणारा उमेदवार नापास, असा नियम. चौदाचाकीला दरदरून घाम फुटला.

"झोप हा काही अवघड विषय नाही," निद्राधिकारी वैतागून म्हणाले. "उठा. पाहा नीट. तारा अशा लावायच्या, पट्टा असा बांधायचा, अंग सैल सोडायचं..."

त्यांनी तारा लावल्या, पट्टा बांधला, अंग सैल सोडलं. पुढचं वाक्य आलंच नाही. इतक्या तत्परतेने झालेलं शासकीय वा खाजगी काम चौदाचाकीने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा घोरणं आलं. चोपन्न किलोंच्या देहातून वीस टनांचा आवाज. मग आवाज एकदम बंद. बायकोने मान वर केली. तिचे ओठ हलू लागले. दहा, अकरा, बारा. साहेबांचा चेहरा निळसर व्हायला लागला. वीस, एकवीस. यंत्र टीं टीं करत होतं, पण यंत्राला कोपर नव्हतं.

बायको उठली, पिशवी धाडकन खाली टाकली, आणि बावीस वर्षांच्या सरावाचं कोपर साहेबांच्या बरगडीत घातलं. "अहो! कुशीवर व्हा!"

साहेब आज्ञाधारकपणे कुशीवर झाले. स्टुलावर बसलेला चौदाचाकीही सवयीने वळला आणि खाली पडला.

हा प्रकार जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू राहिला. सुट्टीची घंटा होताच साहेब ताडकन उठून बसले.

"मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले. "डोळे मिटून पाहत होतो."

तोवर यंत्राने कागद बाहेर टाकला होता. उमेदवार दोनशे बारा. श्वास ताशी एकेचाळीस वेळा थांबतो. विकार तीव्र. नोकरीस अपात्र.

"ताशी एकेचाळीस थांबे?" चौदाचाकी ओरडला. "एवढे तर शाळेची बससुद्धा घेत नाही! साहेब, हे तुमचं आहे!"

"कागदावर क्रमांक कुणाचा आहे?"

"माझा."

"मग?"

"अहो साहेब," बायको हात जोडून म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले होते, "थट्टा नाही करत मी. जीव जाईल हो एखाद्या दिवशी. स्वतःला दाखवून घ्या कुठेतरी."

साहेबांनी भिंतीवरचं शास्त्र दाखवलं. मान तेरा इंच. वजन चोपन्न. असल्या माणसाला हा विकार होऊच शकत नाही. झाला तर तो विकाराचा नियमभंग समजावा.

तरीही साहेब दयाळू होते. (साक्षीदार दोन होते.) त्यांच्या कार्यालयीन मोटारीवर चालकाची जागा रिकामी होती. ही तपासणी फक्त अवजड वाहनांसाठी आहे. हलक्या वाहनातली झोप हलकी धरली जाते. चौदाचाकी त्याच दिवशी रुजू झाला. रुजू झाला म्हणजे कर्मचारी झाला, आणि तीव्र विकाराच्या कर्मचाऱ्याला श्वासाचं मशीन मोफत द्यावं, असा नियम होताच. साहेबांच्या श्वासावर मंजूर झालेलं मशीन चौदाचाकीच्या घरी आलं.

त्याने मास्क चढवला. मशीन इंजिनासारखं घरघरलं, आणि तो क्षणात गाढ झोपला. बायको सकाळी आठला दचकून जागी झाली. घर एवढं शांत कधीच नव्हतं. गेला की काय, या धास्तीने तिने सर्व शक्तीनिशी कोपर मारलं.

"मी झोपलो नव्हतो," चौदाचाकी म्हणाला. मग दोघं पोट धरून इतके हसले, की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

अशा रीतीने कक्षाने एका चालकाचा विकार अचूक हेरून त्यावर उपचार केले. वार्षिक अहवालात याचा 'आदर्श प्रकरण' म्हणून उल्लेख आहे. आता आठवड्याचे सहा दिवस चौदाचाकी ताजातवाना होऊन गाडी चालवतो, आणि साहेब मागच्या सीटवर डोळे मिटून पाहत असतात. आरशात त्यांचा चेहरा निळसर दिसला, की तो मुद्दाम एक खड्डा घेतो.

रविवारी मात्र चालकाला सुट्टी असते, आणि साहेब स्वतः गाडी चालवतात. तेव्हा येत्या रविवारी सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हललीच नाही, तर चिडू नका, हॉर्न वाजवा. काच खाली होईल आणि एक सडपातळ गृहस्थ म्हणतील, "मी झोपलो नव्हतो."

आणि हॉर्न मागून वाजत असेल, पुढे एकही गाडी नसेल, तर काच खाली करून काय म्हणायचं, ते तुम्हाला आता पाठ झालंच आहे.