चालू इंजिनाचं माप

ऑइल बदलायचं मीच ठरवलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे बाबूजी सांगतील, आणि वाढवून सांगतील.

गाडी मामांची. जर्मन, बुटकी, शर्यतीची, आणि मामांइतकीच कुरकुरी. हौस फिटल्यावर त्यांनी ती मुंबईहून मंगरूळपीरला आमच्या गळ्यात मारली. इंजिन मागे, रेडिएटर नाहीच. सगळं हवेवर थंड.

"हवेवर तं मीबी थंड होतो," बाबूजी म्हणाले, "तरी पानी पेतोच ना?"

बाबूजी म्हणजे माझे वडील शिखरचंद, बाजारातले तेलाचे व्यापारी. त्या दिवशी माझ्या बहिणीला, राजमतीला, पाहायला कारंज्याचे पदमचंद शेठ येणार होते. आधीची दोन स्थळं मोडली होती ('मुलीचा भाऊ कॉलेज सोडून घरी बसलाय' म्हणून. तो मीच). त्यात आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर पाहुणा घास तोंडात घालणार नाही, आणि उपाशी वरपित्याला कोणतीच मुलगी पसंत पडत नाही. म्हणून शेलूबाजारला बसमधून उतरवून त्यांना या गाडीतून झटकन आणायचं ठरलं. मी म्हटलं, मग ऑइल तरी ताजं भरू.

डब्यांमागून डबे रिकामे होताना पाहून बाबूजी कळवळले. "गाडी हाय का रांजन?"

या गाडीचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. इंजिन बंद असलं की ते खाली उतरतं आणि मापाची पट्टी कोरडी दिसते. म्हणून इंजिन तापवून, चालू ठेवून माप घ्यायचं. हे मामांनी ट्रंककॉलवर सांगितलं. पुढे ते सपाट जागेबद्दल काही बोलत होते, पण मोठ्यांचं पूर्ण ऐकायची मला सवय नाही.

आमची गल्ली नालीकडे उतरती. त्या उतारावर चालू इंजिनातही माप कमी दिसलं. मी आणखी एक डबा ओतला, इंजिन बंद केलं आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर बाबूजी हात पुसत उभे.

"कोरडीठन्न होती पट्टी. दोन डबे टाकले म्या."

"बाबूजी! इंजिन चालू ठेवून पाहा लागते!"

"हालत्या भांड्यात माप घेते का कोनी? फेस बसू द्याव, मंग पाहाव. सारा जलम तेल मोजलं म्या!"

(सारा जन्म भुईमुगाचं तेल मोजलं, हे ते सांगत नाहीत.) जास्तीचं काढायला वेळ नव्हता. बस येत होती.

जाताना थोडाच धूर झाला. शेठ बसले, गाडी तापली, आणि मागे निळं आभाळ उभं राहिलं.

"ए ड्रायव्हर, मांगं काय जयून राह्यलं?"

ड्रायव्हर! मी चूक सुधारणार होतो. पण ती दोन स्थळं आठवली. "काई नाई शेठजी. इंपोर्टेड गाडी, धूरबी इंपोर्टेड."

रस्त्यावरची एक बाई भारा टाकून ओरडली, "वो माय! वीटभट्टी पयत चालली!"

गावाच्या अलीकडे गाडी खोकली आणि बसलीच. मागचं झाकण उघडून हात घातला, तर ऑइल-काजळीनं मीच माखलो. शेठ गाडीकडे नाही, सूर्याकडे पाहत होते. तेवढ्यात आमच्या गावावरून मानोऱ्याकडे सवाऱ्या नेणाऱ्या रामसिंगची जीप आली. शेठ पुढे बसले, मी मागे लोंबकळलो.

सूर्य टेकायला आणि शेठ पाटावर टेकायला एकच गाठ पडली. आईनं ताट वाढूनच ठेवलं होतं. ते भराभर जेवले. राजमती पाणी देऊन गेली. शेठनं ढेकर दिली.

"पोरगी पसंत हाय, शिखरचंदजी. पन असा ड्रायव्हर कायले ठेवला?"

दारात मी, नखशिखांत काळा. आतून राजमती माझ्याकडे पाहत होती. बाबूजींनीही पाहिलं, जन्मात पहिल्यांदाच इतकं निरखून.

"नवीन हाय," ते म्हणाले. "उद्याच काढतो."

मी तेलकट हात जोडले. "माफी द्या शेठजी. पगार तेवढा देऊन द्या."

"पगार?" बाबूजी म्हणाले. "तो तं ऑइलातच कटला."