खुंटीवरची सायकल

टण्.

दुपारच्या शांततेत ओट्यावरून चमचा पडला. लेक कूस बदलून पुन्हा झोपली, म्हणून हे लिहायला घेतले आहे.

माणूस मरतो एकदाच. परंतु त्यासाठी त्याच्यापुढे असलेल्या पर्यायांची संख्या थक्क करणारी आहे. मला ती पाठ आहे, कारण माझा नवरा विमा कार्यालयात अपघात विभाग सांभाळतो आणि तिथला तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्यात पडून मरणारे बरेच वर, बुडून मरणारे त्यांच्याखाली (पाण्याला हा कमीपणा वाटत असणार), मग भाजून, मग घशात अडकून. अंगावर वीज पडणे अगदी तळाशी. त्यामुळे आमच्याकडे आकाशाला पूर्ण मुभा आहे.

बाकीच्यांवर रीतसर कारवाई झाली. पलंगाचे पाय कापले. बादल्या उपड्या झाल्या. द्राक्षाचे चार तुकडे होतात (बी असल्यास तिचे दोन). सहा महिन्यांत घरात पडलेल्यांची नोंद अशी: चमचे अकरा, उशी एक, माणसे शून्य.

अशा सुवर्णकाळात मामाने लेकीला पाचव्या वाढदिवसाची लाल सायकल पाठवली. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. (हे नाव तक्त्याच्या आधीचे.)

"बाबा, एकच चक्कर. फक्त फाटकापर्यंत!"

"शंभरातली किती मुलं पडतात, ठाऊक आहे का तुला?"

"मला शंभरपर्यंत येतच नाही अजून."

अखेर सर्वांत सुरक्षित तोडगा निघाला: सायकल उंच खुंटीला टांगायची. ती टांगताना नवरा स्टुलावरून पडला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. स्टूल मीच धरले होते; पण भिंगरी जिन्याकडे निघालेली दिसली, म्हणून सोडले. माणसांपुढचे शून्य त्याने डाव्या हाताने खोडले. कार्यालयात नोंद झाली, 'सायकलमुळे दुखापत', आणि बंदी अधिकच भक्कम झाली.

वाचकांनी हसू नये. आपण बसला आहात ती खुर्ची तक्त्यात सातवी आहे.

भिंगरी उठली वाटते. हो, उठलीच. रोजच्यासारखी खुंटीखाली भिंतीला पाठ लावून उभी आहे, डोक्यावर पेन्सिल आडवी धरून. आजची रेघ मागच्या महिन्याच्या रेघेपेक्षा बोटभर वर आली.

"आई, सायकल खाली काढेपर्यंत ती मला लहान झाली, तर तो अपघात कितवा?"