न लिहिल्याचा समाधानकारक खुलासा

कल्याणचे श्रीपाद टिपणीस हे सरकारी दप्तरखान्यातील कारकून असून त्यांना कादंबरी लिहावयाची होती. ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांपासून लपवून ठेवली होती. कादंबरीची पहिली अकरा पाने सन १९४८ मध्ये लिहून झाली. पुढच्या पाच वर्षांत देशाला राज्यघटना मिळाली, पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली, खुद्द टिपणीसांना बढती मिळाली. बारावे पान मात्र विचाराधीन राहिले.

त्यांचे शाळासोबती काळुराम भोईर आंबिवलीच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. वडील मिठागरावर राबलेले. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांविषयी लिहावे, असे काळुरामच्या मनात फार दिवस होते. दीड वही लिहून ती फडताळात पडली होती. १९५३ च्या भाद्रपदात एका रविवारी पारनाक्याजवळच्या टिपणीसांच्या ओसरीवर पोहे खाता खाता तो म्हणाला,

"श्रीपाद, आपण असं करू. रोज एक पान लिहायचं. रविवारी मी इथं येतो. तू माझं वाच, मी तुझं वाचतो. लाजेखातर तरी लिहू रे."

योजना इतकी साधी होती, की ती यशस्वी झाली. तीन रविवार दोघांनी सात-सात पाने वाचली. टिपणीसांच्या पत्नी उत्तरावहिनी कांदा चिरता चिरता थांबून ऐकत. टिपणीसांची कादंबरी बत्तिसाव्या पानावर पोचली आणि नायिका विहिरीवर पोचली. टिपणीस सकाळी अंघोळ करताना शीळ घालू लागले. दप्तरखान्यात फायली लावताना एकदा ते स्वतःशीच हसले. ही अवस्था सरकारी नोकरास फार काळ परवडणारी नव्हती.

चौथ्या रविवारी टिपणीसांकडे दाखवायला काही नव्हते. चार दिवस पाहुणे होते, एक दिवस डोके दुखत होते, बाकीचे दिवस तसेच गेले.

"होतं असं," काळुराम म्हणाला. "पुढच्या रविवारी आण."

प्रकरण इथेच मिटायचे. पण पंधरा वर्षांच्या नोकरीत टिपणीसांच्या हातून खुलाशाशिवाय एकही कसूर झालेली नव्हती.

"असं तोंडी नको, काळुराम. मी लेखी खुलासा देतो."

"मना कशाला? मी काय मामलेदार हाय?"

"तरी पण नोंद असलेली बरी."

टिपणीसांनी दुपारी बसून दीड पानाचा खुलासा लिहिला. उत्तरावहिनींनी तो वाचला.

"अहो, हेच दीड पान कादंबरीचं लिहिलं असतंत तर?"

सदरहू सूचना विषयाला सोडून असल्याने तिचा विचार झाला नाही.

टिपणीसांच्या वरच्या मजल्यावर महिपतराव पोतनीस राहत. ते निवृत्त शिरस्तेदार. दोन वर्षांत त्यांच्याकडे कुणाचा साधा अर्जही आला नव्हता, त्यामुळे त्यांची प्रकृती खालावत चालली होती. टिपणीसांनी दाखवलेला खुलासा त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"टिपणीस, कार्य चांगलं आहे. पण त्याला काही स्वरूप नाही."

महिन्याभरात त्याला स्वरूप आले. 'नित्यलेखन प्रोत्साहक मंडळ, कल्याण' याची स्थापना झाली. अध्यक्ष महिपतराव, चिटणीस टिपणीस. कल्याण, ठाणे आणि डोंबिवली मिळून एकेचाळीस सभासद झाले, त्यांत काळुरामही धरला गेला. प्रत्येकाच्या घरी एक अपुरी कादंबरी निघाली. मंडळाची घटना चव्वेचाळीस कलमांची होती आणि तिच्या उद्देशिकेत 'आम्ही लिहू इच्छिणारे' असे शब्द होते.

कामकाज सोपे होते. ज्याने पान लिहिले त्याने नमुना 'अ' भरायचा. पण पान त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहिले, याबद्दल शेजारच्या दोन प्रौढ व्यक्तींचा दाखला जोडणे आवश्यक होते. सोबत पानाची खरी नक्कल तीन प्रतींत. ज्याने पान लिहिले नाही त्याने नमुना 'ब' भरायचा. त्यात फक्त खुलासा. दाखला नको, नक्कल नको.

पहिल्या महिन्यात एकतीस सभासदांनी 'अ' भरला. दुसऱ्यात बारा. चौथ्या महिन्यापासून सर्व सभासद नियमितपणे 'ब' भरू लागले. अपवाद फक्त काळुरामचा. त्याच्याकडून काहीच येत नव्हते.

टिपणीसांचा हात मात्र आता मोकळा झाला होता. 'दिनांक १४ रोजी नायिका विहिरीवर उभी असता तिच्या मनःस्थितीत अनपेक्षित बदल झाल्यामुळे लेखन स्थगित करावे लागले,' असे त्यांनी लिहिले. महिपतरावांनी समासात शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक. मात्र नायिकेने पूर्वसूचना देणे आवश्यक होते.' टिपणीसांनी नायिकेच्या वतीने दिलगिरी व्यक्त करणारे चार पानी निवेदन सादर केले. त्यात तिचे बालपण, सावत्र आई आणि शहाडच्या आजोळी गेलेली एक उन्हाळ्याची सुट्टी असे सगळे आले होते. सभेत ते वाचून दाखवले तेव्हा डोंबिवलीच्या दोन सभासदांनी डोळे टिपले. 'वर्षातील उत्कृष्ट खुलासा' म्हणून टिपणीसांना शाल देण्यात आली.

"इतकं सुंदर लिहिता," उत्तरावहिनी म्हणाल्या, "मग ते कादंबरीत का नाही घालत?"

"अगं, ते खुलाशात दाखल झालंय. आता तिथून काढता येत नाही."

काळुरामला मंडळाने नऊ स्मरणपत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही, तेव्हा तपासणी पथक आंबिवलीला गेले. पथकात महिपतराव, टिपणीस आणि शाईची दौत होती. शाळा नुकतीच सुटली होती. काळुराम रिकाम्या वर्गात बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसला होता आणि वहीत लिहीत होता.

"भोईर," महिपतराव म्हणाले, "पथक आलंय."

"बसा ना दोन मिनिटं. येवढं वाक्य पुरं करतो."

पथक उभे राहिले. वाक्य लांब होते. टिपणीसांनी चोरून वहीत पाहिले. पाटी उतरवताना मिठाच्या पाण्याने फाटलेल्या टाचा लपवणारी एक बाई तिथे होती. टिपणीसांना ती ओळखीची वाटली. पहिल्या तीन रविवारी तिच्या लहानपणाची पाने त्यांनीच वाचली होती. पुढे तिचे काय झाले, हे विचारायला त्यांनी तोंड उघडले. पण तो प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

अहवाल असा झाला : 'पथक आले असता सभासद उठून उभे राहिले नाहीत. कारण विचारता, लिहीत होतो असे सांगितले. सदर कारण मंडळाच्या उद्दिष्टांशी संबंधित नसल्याने फेटाळण्यात येत आहे.'

काळुरामला मंडळातून कमी करण्याचा हुकूम तयार करणे हे चिटणीसाचे काम होते. टिपणीसांनी त्यावर पाच दिवस मेहनत घेतली. टपालाने पाठवायचे धाडस त्यांना झाले नाही. काळुराम कल्याणच्या बाजारात आला असताना त्यालाच घरी बोलावून त्यांनी कागद पुढे केला आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत बसले.

काळुरामने हुकूम सावकाश वाचला.

"छान लिहिलंस रे. तिसरं वाक्य तर लय भारी हाय." तो थांबला. "या वर्षात किती लिहिलंस?"

"चारशे पानं झाली असतील."

"कादंबरी?"

टिपणीस पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तरावहिनींनी चहा आणून ठेवला. काळुरामने हुकूम घडी करून खिशात घातला, चहा संपवला आणि "येतो वहिनी" म्हणून तो उठला. त्यानंतर दोन वर्षे तो त्या घरी आला नाही. टिपणीस रविवारी सकाळी विनाकारण ओसरी झाडत असत.

१९५७ साली काळुरामची कादंबरी ठाण्याच्या एका छोट्या छापखान्यातून बाहेर पडली. मंडळाने प्रथम ती बेकायदेशीर ठरवली, कारण तिच्यातील एकाही पानाचा नमुना 'अ' दप्तरी नव्हता. पण पुढच्या महिन्यात एका मासिकाने तिची स्तुती केली, तेव्हा जुना ठराव रद्द होऊन 'मंडळाच्या शिस्तीत घडलेला लेखक' म्हणून काळुरामचा सत्कार ठरला.

सभागृह भरले होते. हार झाला, नारळ झाला. प्रश्नोत्तरांना डोंबिवलीचा एक सभासद पेन्सिल सरसावून उभा राहिला.

"आपण रोज नेमानं कसं लिहिता, त्याचं रहस्य सांगावं."

"शाळा सुटली की बसतो," काळुराम म्हणाला. "लिहितो."

"ते झालं. पण पद्धत?"

"हीच."

सभागृहात नाराजी पसरली. एवढ्या लांबून आलेल्या लोकांना हे अपुरे वाटले. तेव्हा अध्यक्ष महिपतराव उठले आणि 'नित्यलेखनाची बावीस सूत्रे' या विषयावर पावणेदोन तास बोलले. श्रोत्यांनी वह्या भरभरून टिपणे घेतली. त्या वर्षातले त्यांचे ते सर्वांत मोठे लेखन होते.

टिपणीस तेवढ्यात मागच्या दाराने बाहेर आले. काळुराम पायरीवर बसून गळ्यातल्या हाराची फुले सुटी करत होता. टिपणीस शेजारी बसले.

"एक विचारू? ती बाई. टाचा फाटलेली. पुढं काय झालं तिचं?"

"पुस्तक नाय वाचलंस?"

"अभिप्रायासाठी उपसमितीकडे आहे."

काळुराम इतका मोठ्याने हसला, की आत महिपतरावांचे चौदावे सूत्र दोन क्षण थांबले.

"श्रीपाद, एखाद दिवस मीपण लिहीत नाय. नाय सुचत. पण नाय लिहिलं ते कोणाला सांगायला जात नाय. दुसऱ्या दिवशी परत बसतो." तो उठला. "रविवारी आंबिवलीला ये. वही आण."

त्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा होती. चिटणीस हजर राहिले नाहीत. त्यांच्याकडे खुलासा मागवण्यात आला. तो आला नाही. तीन स्मरणपत्रांनंतर महिपतराव स्वतः खाली उतरले, तेव्हा उत्तरावहिनींनी सांगितले, की ते आंबिवलीला गेलेत, अर्धं पान झालंय म्हणत होते, आणि दिवसभर शीळ घालत असतात. महिपतरावांनी शेरा मारला : 'सभासद हाताबाहेर गेले.'

मंडळ मात्र जोरात आहे. महिपतरावांच्या बावीस सूत्रांची पुस्तिका छापली असून तिची सातवी आवृत्ती संपत आली आहे. काळुरामच्या कादंबरीच्या प्रती छापखान्यात हव्या तेवढ्या मिळतात. चिटणीसाची जागा भरण्यासाठी अर्ज मागवले होते. अट एकच होती, उमेदवाराला लिहिण्याची मनापासून इच्छा असावी आणि ती बरीच वर्षे तशीच असावी. एकशे चाळीस अर्ज आले. भाषा सगळ्यांची उत्तम आहे. वाचकहो, त्यांतल्या एका अर्जावरचे अक्षर आम्हाला तुमचे वाटले. मुलाखतीला जरूर या. या आठवड्यात काही लिहिले असेल, तर मात्र येण्याची तसदी घेऊ नये.